निर्व्यसनी, पण कधीमधी

समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात वाटली जाणारी पुस्तिका उघडून पाहा. शिक्षण, नोकरी, उंची, मामाचं गाव, अपेक्षा. आणि मुलाच्या माहितीत एक शब्द हमखास असतो: निर्व्यसनी. हा शब्द लिहून देणारे बहुतेक जण खोटं बोलत नसतात. त्यांना स्वतःबद्दल मनापासून तसंच वाटत असतं. खिशात बिडीचं बंडल नाही, गुटखा नाही, सकाळी उठल्याबरोबर काही लागत नाही. मग सिगारेट? असं खोदून विचारलं तर उत्तर येतं, "ती काय भो, कधीमधी. चार दोस्त जमले तर एखादी."

आजचं हे पान त्या 'कधीमधी'साठी आहे. दिवसाला दोन बंडलं संपवणाऱ्या काकांना आपण सगळेच सांगत असतो. घरातली माणसं सांगतात, डॉक्टर सांगतात, त्यांचा खोकलाही सांगतो. कधीमधी ओढणाऱ्याला मात्र कुणी काही सांगत नाही, कारण त्याला कुणी धूम्रपान करणारा समजतच नाही, आणि तो स्वतः तर मुळीच समजत नाही. दवाखान्यात "सिगारेट ओढता का?" असं विचारलं की तो "नाही" म्हणतो. कागदावर नाही लिहिलं जातं आणि विषय संपतो. माझ्या मते आपल्या वस्त्यांमधल्या तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांच्या आरोग्यातली ही मोठी फट आहे, आणि तिच्याकडे आपलं लक्ष नाही.

भुसावळात हा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. हिवाळा लागला, भरिताची वांगी बाजारात आली की शेतात पार्ट्या सुरू होतात. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, मिरच्या कुटल्या जातात, पुऱ्या निघतात, आणि तोवर बांधावर बसलेल्या चौघांत एक सिगारेट फिरते. रेल्वेतल्या रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात, तेव्हा चहाबरोबर कुणीतरी पुढं करतो. लग्नाच्या हळदीला, क्रिकेटची फायनल जिंकल्यावर, मुलाखतीला जाऊन आल्यावर. १३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता बाबासाहेबांना अभिवादन करून पोरं परत निघतात, तेव्हा पुतळ्यापासून बऱ्याच अंतरावर, कुणा वडीलधाऱ्याच्या नजरेला पडणार नाही अशा वळणावर. आणि मयतीला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण याचा उल्लेख कुठं होत नाही. स्मशानातून परतताना टपरीजवळ थांबलेल्या घोळक्यात असे कितीतरी जण असतात, जे वर्षभरात फक्त त्याच दिवशी ओढतात. ज्याला पोचवून आलो तो छातीच्या दुखण्यानं गेला असला तरीही.

या माणसाच्या काही सवयी ठरलेल्या असतात. त्याच्याकडे काडेपेटी नसते. तो टपरीवरच्या दोरीला बांधलेल्या लायटरवर काम भागवतो. तो अख्खं पाकीट कधी घेत नाही. घेतली तर एक सुटी, नाहीतर मागून. अर्धी झाली की दुसऱ्याला देतो. घरी जाण्याआधी बडीशेप खातो, हात धुतो, शर्टाचा वास घेऊन बघतो. बापासमोर, बायकोसमोर, मुलांसमोर कधीच नाही. आठ-पंधरा दिवस, कधी महिनाभर सिगारेट नसली तरी त्याचं काही अडत नाही, आणि या गोष्टीचा त्याला अभिमान असतो. "मी सिगारेटच्या ताब्यात नाही, सिगारेट माझ्या ताब्यात आहे," हे वाक्य थोड्याफार फरकानं प्रत्येकाच्या तोंडी असतं.

त्यात काही अंशी तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. तंबाखूतलं निकोटिन रक्तातून झपाट्यानं कमी होतं; साधारण दोन तासांत निम्मं उरतं. रोज ओढणाऱ्याचं शरीर ती घट सहन करत नाही, म्हणून तो दर तासा-दोन तासांनी बिडी पेटवतो. सकाळची पहिली बिडी तर त्याला अंथरुणातच आठवते. कधीमधी ओढणाऱ्याच्या रक्तात दुसऱ्या दिवसापर्यंत निकोटिन जवळपास उरतच नाही, म्हणून त्याला ती तगमग होत नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सॉल शिफमन यांनी १९८०च्या दशकापासून अशा लोकांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं: रोज ओढणारा शरीराची गरज भागवायला ओढतो, तर कधीमधी ओढणारा प्रसंग पाहून ओढतो. सोबत कोण आहे, आपण घराबाहेर आहोत का, हातात दारूचा ग्लास आहे का, समोरचा ओढतोय का, यावर त्याची सिगारेट ठरते. म्हणजे याची ओढ रक्तात कमी आणि जागेत, माणसांत, वेळेत जास्त असते.

मग सोडणं सोपं असायला हवं. इथंच गंमत आहे. ज्यांनी सोडायचा प्रयत्न केला, त्यांच्यातल्याही बहुतेकांना ते जमलं नाही, असं शिफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं. रोज ओढणाऱ्यांपेक्षा त्यांचं यश थोडं बरं होतं, एवढंच. तगमग नाही तरी सुटत नाही, कारण भरीत पार्टी दरवर्षी येते, रात्रपाळी दर आठवड्याला येते, आणि मित्र तेच असतात.

आता मुख्य प्रश्न. एवढ्याशानं काय होतं? आपला हिशोब साधा असतो: दिवसाला वीस ओढणाऱ्याला शंभर टक्के धोका, तर एक ओढणाऱ्याला पाच टक्के, आणि आठवड्याला एक ओढणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत हा हिशोब पुष्कळसा चालतो. तिथं किती ओढल्या आणि किती वर्षं ओढल्या याला महत्त्व आहे. हृदयाच्या बाबतीत मात्र तो साफ चुकतो. २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४१ अभ्यासांची एकत्र मांडणी छापून आली. दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना, अजिबात न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकाराचा धोका ४८ टक्क्यांनी जास्त होता. बायकांना ५७ टक्क्यांनी. दिवसाला वीस ओढणाऱ्या पुरुषांचा धोका दुपटीच्या आसपास होता. म्हणजे वीसवरून एकावर आलेल्या माणसाचा धोका विसाव्या हिश्श्यावर येत नाही, पुरुषांत तर तो निम्म्याच्या आसपास राहतो. लकव्याचा, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीचा धोकाही एका सिगारेटनं पुरुषांत २५ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

असं का होतं? धूर छातीत गेला की रक्तातल्या गुठळी बांधणाऱ्या पेशी चिकट होतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर आखडतं, नाडी वाढते, आणि प्राणवायूची जागा कार्बन मोनॉक्साइड घेतो. हे सगळं थोड्या धुरातही होतं. जास्त धुरानं ते त्याच प्रमाणात वाढत जात नाही, सुरुवातीलाच मोठी उडी घेतं. महिन्याला दोन ओढणाऱ्याचा धोका रोज एक ओढणाऱ्याहून कमीच असणार, उगाच घाबरवायचं नाही. पण वयाची चाळिशी उलटलेली, रक्तदाब वाढलेला, साखर वर गेलेली, कधी तपासणी न केलेली, आणि रात्रभर जागून थकलेली जी छाती आहे, तिच्यासाठी त्या रात्रीची एकच सिगारेट पुरेशी ठरू शकते. आणि आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीतला कर्ता माणूस गेला की मागं घरभाडं, मुलांची फी आणि बचत गटाचं कर्ज उरतं, हे मी वेगळं सांगायला नको.

"आपण तर बिडी ओढतो, ती हलकी असते," असं म्हणणारेही आहेत. बिडीत तंबाखू कमी असतो हे खरं. पण ती सारखी विझते, म्हणून जोरात आणि जास्त वेळा ओढावी लागते, आणि त्यामुळं धूर आत जास्त जातो. भारतातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडला. बिडी ओढणारे पुरुष सरासरी सहा वर्षं आधी जातात, बिडी ओढणाऱ्या बायका आठ वर्षं, आणि सिगारेट ओढणारे पुरुष दहा वर्षं, असं त्यात दिसलं. दिवसाला एक ते सात बिड्या, म्हणजे ज्याला आपण 'थोडीशी' म्हणतो, तेवढ्यानंही मृत्यूचा धोका पाव हिश्श्यानं वाढला होता. ओढणाऱ्या पुरुषांत क्षयानं मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होतं. एका खोलीत सहा माणसं झोपतात अशा घरांच्या वस्तीत हा आकडा डोळ्यांआड करून चालणार नाही.

एक युक्तिवाद मला नेहमी ऐकायला मिळतो: गाड्यांचा धूर, रस्त्याची धूळ, औष्णिक केंद्राची राख एवढं छातीत जातंच आहे, त्यात एका सिगारेटनं काय फरक पडतो? फरक पडतो तो असा की धूळ आणि राख कमी करायला मोर्चा काढावा लागतो, अर्ज करावे लागतात, वर्षं जातात. सिगारेट आपल्या हातात आहे. आणि ज्या छातीत आधीच राख जाते, तिला वरून धुराची भर परवडत नाही.

आता सुट्या सिगारेटीबद्दल, कारण माझ्या मते या सवयीचा खुंटा तिथं आहे. सिगारेटच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर २०१६पासून इशाऱ्याचं चित्र छापलं जातं. २०१८पासून त्यावर मदतीचा क्रमांकही असतो. हे सगळं कुणाला दिसतं? पाकीट घेणाऱ्याला. कधीमधी ओढणारा पाकीट घेतच नाही. त्याच्या हातात एक पांढरी कांडी येते, तिच्यावर ना चित्र ना क्रमांक. पाकिटाचे एकदम पैसे मोजायचे असते तर त्यानं दोनदा विचार केला असता. सुट्या पैशांत त्याचा विचारही होत नाही. म्हणूनच सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्र शासनानं सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी घातली. तो निर्णय योग्य होता. तो टपऱ्यांपर्यंत पोचला का, हे तुम्ही तुमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन स्वतःच पाहू शकता. मी टपरीवाल्याला दोष देत नाही. तोही आपल्याच वस्तीतला, त्याची चूल त्या सुट्या विक्रीवर चालते, आणि कायदा मोडला जातो तेव्हा दंड बहुतेक वेळा त्याच्यासारख्या लहान माणसालाच भरावा लागतो. पण शाळेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तो द्यायचा नाही, हा २००३चा कायदा आहे. एवढं तरी वस्तीतल्या मंडळानं टपरीवाल्याशी बसून, नीट बोलून ठरवून घ्यायला काय हरकत आहे?

कारण सुट्या कांडीचं दुसरं गिऱ्हाईक अकरावी-बारावीतलं पोरगं असतं. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथल्या दोन लाखांहून अधिक लोकांच्या सर्वेक्षणांवरून २०१८मध्ये लंडनच्या संशोधकांनी हिशोब मांडला: ज्यांनी आयुष्यात एकदा सिगारेट ओढून पाहिली, त्यांच्यातले सुमारे दोन-तृतीयांश पुढं कधी ना कधी, निदान काही काळ तरी, रोज ओढायला लागले. आपल्याकडची परिस्थिती वेगळी असेल, पण दिशा तीच आहे. कधीमधी ओढणारा प्रौढ अनेकदा वर्षानुवर्षं कधीमधीच राहतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची तशी खात्री देता येत नाही. कोवळ्या वयात रोजची सवय लागण्याआधीच ओढ सुरू झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. आणि तो मुलगा पक्क्या बिडीबाज काकांना पाहून शिकत नाही. त्यांचा खोकला ऐकून तो घाबरतो. तो शिकतो शिकलेल्या, नोकरीवाल्या, विहारात पुढं बसणाऱ्या, 'निर्व्यसनी' दादाला त्या वळणावर पाहून.

विहाराचा विषय निघाला म्हणून. पाचव्या शीलात तंबाखूचं नाव नाही, सिगारेटनं माणूस बेभान होत नाही, असा वाद घालणारे आपल्यात आहेत. मला त्या वादात फार रस नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. 'निर्व्यसनी' हा शब्द आपण इतका मानाचा केला आहे की त्यातून थोडंसं घसरलेला माणूस बोलूच शकत नाही. बोलला तर तो एकदम 'व्यसनी' ठरतो. मधली पायरीच नाही. त्यामुळं तो बडीशेप खाऊन घरी येतो, आणि बायकोला समजलं असलं तरी तीही न समजल्यासारखं करते. लाजेनं कुणाची सिगारेट सुटल्याचं मी पाहिलेलं नाही, लपलेली मात्र पुष्कळ पाहिली आहे.

आणखी एक गोष्ट पुरुषांनी प्रामाणिकपणे तपासावी. केंद्र सरकारच्या २०१६-१७च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले, आणि चघळायचा, चोळायचा, लावायचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा खरा संसार चुन्याच्या डबीत आणि मिसरीत आहे. "सिगारेट कधीमधीच" म्हणणाऱ्याच्या खिशात रोजची पुडी असेल, तर वर शिफमन यांचं जे सांगितलं ते त्याला लागू नाही. त्याच्या रक्तात निकोटिन दिवसभर आहे. तो रोजचाच तंबाखूवाला आहे, फक्त कधीमधी त्याचा धूर करतो. त्याला वेगळी आणि जास्त मदत लागेल. पाकिटावर असलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक त्याच्यासाठीही आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.

ज्याच्याकडे पुडी नाही, जो खरोखरच कधीमधी ओढतो, त्यानं काय करावं? निकोटिनचे गम आणि गोळ्या रोजवाल्याच्या तगमगीसाठी आहेत, याच्या फारशा कामाच्या नाहीत. याला आपला प्रसंग ओळखावा लागेल. प्रत्येकाचे दोन किंवा तीनच असतात. एकाची दारूबरोबरची सिगारेट असते. त्यानं सिगारेटशी भांडत बसू नये, ग्लास बाजूला ठेवला की तीही बाजूला राहते. एकाची रात्रपाळीतली असते. त्यानं तीनच्या चहाला दुसऱ्या सोबत्यांबरोबर जावं, किंवा थर्मास घरून न्यावा. एकाची ठराविक मित्राबरोबरची असते, त्या मित्राला एकदाच, जमलेल्यांसमोर सांगून टाकावं, "मला देऊ नको, मागितली तरी देऊ नको." एकट्यानं मनात केलेल्या निश्चयापेक्षा हे जास्त टिकतं, कारण याची सिगारेट मुळात एकट्याची नाहीच. भरीत पार्टीत ज्यानं वांगी भाजायचं काम अंगावर घेतलं त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, हेही मी पाहिलं आहे. हसू नका, करून बघा.

घरच्यांनी काय करावं, तर पोलिसी करू नये. शर्टाचा वास घेऊन भांडण काढण्यापेक्षा, घरातल्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासायला जाताना त्यालाही बरोबर न्यावं. ती तपासणी झाली आणि आकडे समोर आले की बोलणं आपोआप सुरू होतं.

आणि शेवटी आशाताईंच्या कागदाबद्दल. वयाची तिशी उलटलेल्या प्रत्येकाची माहिती भरायला त्या वस्तीत येतात. त्या फॉर्ममध्ये तंबाखूच्या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत: कधीच नाही, त्याला शून्य गुण, पूर्वी करत होतो किंवा आता कधीकधी, त्याला एक, आणि रोज, त्याला दोन. ज्यानं दहा वर्षांपूर्वी कष्टानं सोडली तो आणि ज्यानं परवाच्या हळदीत ओढली तो, दोघे एकाच रकान्यात बसवले आहेत. हे मला पटत नाही, आणि आरोग्य खात्यानं हा रकाना वेगळा करावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो वेगळा होईपर्यंत त्या एका गुणाचाही उपयोग आहे, कारण वय, कमरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार यांचे गुण मिळून बेरीज चारच्या वर गेली की तपासणीसाठी आधी पाठवलं जातं, आणि काही जणांची बेरीज त्या एका गुणानं चारच्या वर जाते. तेव्हा पुढच्या वेळी त्या दारात आल्या की सवयीनं "नाही" म्हणू नका. "कधीकधी" म्हणा, आणि शेवटची कोणत्या महिन्यात ओढली तो महिना कागदाच्या कडेला लिहून घ्यायला सांगा.